राजाचा दोष काढला

नाटक बसवणारे योगीराज सर तालमीत एवढंच म्हणाले होते, "नायक मोठा असतो, भला असतो, पण त्याच्यात एक दोष असतो आणि त्या दोषापायीच तो मरतो." सर कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यामुळे आपलं बोलणं लोकांना कळतं, अशी त्यांची समजूत होती.

रायभान वर्षभर मेंढरं राखायचा आणि वालूरच्या जत्रेतल्या नाटकात एक दिवस राजा व्हायचा. सात वर्षं झाली. घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं, "माझ्यात दोष हाय का गं?"

"कोणता सांगू?" विजयमाला म्हणाली. मग सरांचं वाक्य ऐकलं आणि तव्यावरची भाकर करपली तरी तिनं उलटली नाही. "मरतो म्हणले? एवढं शिकलेलं माणूस?"

पत्रिका दाखवणं आलं. गुरुजींना दोष लगेच सापडला. त्यांना तो नेहमीच लगेच सापडतो. पोखर्णीला नरसिंहापुढं शांती झाली. उठताना गुरुजींनी बजावलं, "सव्वा महिना मेल्याचं सोंगसुद्धा करायचं नाही. केलंत तर खरंच जाल."

जत्रा बाराव्या दिवशी होती.

राजाचं काम सोडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण मग मुकुट बन्सीधरला गेला असता. बन्सीधर म्हणजे रायभानचा धाकटा भाऊ, नाटकात राजाला मारणारा सेनापती. दोन वर्षांपूर्वी कळप वाटताना पैदाशीचा चांगला एडका त्यानं नेला. तेव्हापासून दोघं फक्त संवादांपुरते बोलत.

नाटक दुपारी तीनला लागलं, कारण संध्याकाळच्या विजेवर कुणाचा विश्वास नव्हता. वालूरच्या प्रेक्षकांची एक जुनी खोड होती. मरण आवडलं की ते 'वन्स मोअर' द्यायचे, आणि मेलेल्यानं उठून पुन्हा मरायचं. मागच्या साली राणी चारदा मेली होती.

तिसऱ्या अंकात बन्सीनं ठरल्याप्रमाणे बाभळीची तलवार राजाच्या बगलेत खुपसली. राजा उभाच.

"पड की," बन्सी ओठ न हलवता म्हणाला.

"न्हाई पडत. दोष काढलाय."

"लोक बघायलेत."

"बघू दे."

दुसरा वार बन्सीनं खरा मारला, बरगडीवर. रायभानचा श्वास अडकला.

"एडका नेला तवाच वळखलं तुला," तो कसाबसा म्हणाला.

"एडक्याचं इथं काढू नको."

तिसरा वार डोक्यात बसला. मुकुट तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा होता. त्याची कड कपाळात शिरली आणि रक्त डोळ्यात उतरलं. पहिल्या रांगेतला बिरदेव शेजाऱ्याला म्हणाला, "औंदा रंग लय भारी आणलाय."

रायभानचा गुडघा वाकला. आता पडलो तर गेलो, एवढंच त्याला कळत होतं. हातात राजदंड होता. म्हणजे बोअरमधून काढलेला लोखंडी पाइप, वरून सोनेरी रंग.

पहिला फटका बन्सीच्या मनगटावर बसला. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला. दुसऱ्या फटक्यानं जबडा गेला आणि दोन दात माइकवर वाजले. बन्सी गुडघ्यावर आला. "दादा," म्हणाला. सेनापतीला हा शब्द लिहून दिलेला नव्हता. तिसरा फटका कानामागं बसला, आणि बन्सी तोंडावर पडला.

विंगेतून सर "पडदा, पडदा" करत होते. पडदा ओढणारा रंगनाथ प्रेक्षकांत येऊन बसला होता.

रायभाननं डोळ्यातलं रक्त पुसलं. तो जिवंत होता. समोर सगळं वालूर उभं राहिलं होतं, शिट्ट्या मारत, एका आवाजात: वन्स मोअर.

तो भावाजवळ बसला. "ऊठ बन्सी. वन्स मोअर आलाय."

बन्सीच्या कानातून निघालेली रेघ सतरंजीत जिरत होती.

"ऊठ की. एडका राहू दे तुला. मुकुटबी घे." त्यानं बन्सीचा खांदा हलवला. "हे बघ, या बारीला मी पडतो."

आणि रायभान त्याच्या शेजारी आडवा झाला. सात वर्षं पडायचा तसाच, डावा हात छातीवर, डोळे मिटून. टाळ्या बराच वेळ चालल्या. त्या थांबल्यावर राजा उठला. सेनापती उठला नाही.