काटामावशीची वही

आमच्या विमानात बसायचं तर आधी काट्यावर उभं राहावं लागतं. नऊ जणांचं विमान, त्यामुळे कोण कुठे बसणार हे तिकिटावर नाही, वजनावर ठरतं. हे सगळं ठरवते काटामावशी. तिला खरं नाव आहे, पण सही करताना सोडलं तर तीही ते वापरत नाही.

काट्यावर चढलं की भलीभली माणसं चोरासारखी वागायला लागतात. दर मंगळवारी येणारे दातांचे डॉक्टर अवजारं कोटाच्या खिशात दडवतात. एक मुख्याध्यापिका हातातली जड पिशवी डोक्याच्या उंचीला उचलून धरतात, म्हणजे तिचं वजन लागत नाही असा त्यांचा समज. इतकी वर्षं मुलांना विज्ञान शिकवलंय त्यांनी. मावशी शांतपणे विचारते, "बाई, विमानातही अशीच धरून बसणार का?"

पायलटलाही सूट नाही. नऊ वर्षं रोज सकाळी मी बूट, बॅग आणि पाण्याच्या बाटलीसकट त्या काट्यावर उभी राहते. मावशी आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचते, वहीत लिहिते आणि वर शेरा मारते. "अडुसष्ट. आज स्वारी खुशीत आहे."

त्या आठवड्यात मात्र स्वारी खुशीत नव्हती. एका मोठ्या विमान कंपनीने पायलट हवेत म्हणून जाहिरात दिली होती. वयाची अट चाळीस, माझं एकोणचाळीस. अर्ज करायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. दोनशे माणसांचं विमान उडवायचं हे मी सातवीत ठरवलं होतं. ते कधी बदललं नाही, मी फक्त त्याविषयी बोलणं बंद केलं होतं.

तिकडे गेलं की पुन्हा श्रीगणेशा. इथे मी कॅप्टन, डावीकडच्या खुर्चीत. तिकडे उजवीकडे, माझ्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या कुणा कॅप्टनच्या हाताखाली. त्याचं मला काही वाटत नाही, असं मी नवऱ्याला तीनदा सांगितलं, म्हणजे थोडं वाटत होतंच.

"मग अडलंय कुठे?" इस्त्री करता करता त्याने विचारलं.

"ज्यांनी मला पडत्या काळात सांभाळलं, त्यांना सोडून कशी जाऊ? माणसाने उपकारांची काही जाण ठेवावी की नाही?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. "फक्त हे बोलताना तू अर्जातला चौदावा प्रश्न हाताने झाकून का धरलायस?"

मी अर्ज मिटला आणि त्याला शर्टाची कॉलर नीट करायला सांगितली.

चौदावा प्रश्न असा होता: गेल्या दहा वर्षांत आजारपणामुळे तुमचं उड्डाण थांबवलं गेलं होतं का? असल्यास सविस्तर लिहा आणि उपलब्ध कागदपत्रं जोडा.

थांबवलं गेलं होतं. सहा वर्षांपूर्वी, चार महिने. आणि थांबवलं होतं ते डॉक्टरांनी नाही, काटामावशीने. दीड महिन्यात माझे सहा किलो उतरले होते. हात थरथरायचे, ते मी कॉफीवर ढकललं. छाती धडधडायची, ती जिन्यावर ढकलली. एका सकाळी मावशीने आकडा मोठ्याने वाचलाच नाही. वही उचलून ती थेट मोठ्या कॅप्टनच्या खोलीत गेली. कंपनी त्यांची, विमानंही त्यांचीच. ती त्यांना म्हणाली, "आज ही उडणार नाही. उडणार असेल तर काट्यावर दुसरं कुणीतरी बसवा."

मी तिला नाही नाही ते बोलले. दोन आठवडे तिच्याशी अबोला धरला. मग तपासण्या झाल्या, थायरॉईड निघालं, आणि डॉक्टर म्हणाले की आणखी महिनाभर असंच काढलं असतंत तर हृदयाने कधी दगा दिला असता सांगता येत नाही. कदाचित हवेत. पाठीमागे नऊ माणसं घेऊन. मोठ्या कॅप्टननी चार महिने मला वेळापत्रकं करायला बसवलं आणि एवढंच म्हणाले, "तुझी जागा मी कुणाला देत नाही. तू बरी हो."

अशा माणसांना सोडून जायचं? नाही. गुरुवारी रात्री मी ठरवून टाकलं, अर्ज करायचा नाही. आणि ठरवल्यावर फार मोठं काही केल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी सकाळी काट्यावर उभी राहिले. मावशीने आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"साडेसहासष्ट. पाच दिवसांत दीड किलो. परत सुरू झालं का गं?"

तिचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी घाईघाईने खाली उतरले. "नाही गं मावशी. परवाच तपासून आलेय, सगळं ठीक आहे. जेवण जात नव्हतं एवढंच." आणि मग सगळं सांगितलं. जाहिरात, पाचची मुदत, आणि मी कशी कंपनीचे उपकार स्मरून अर्ज करणार नाही, तेही.

ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती भडकली.

"आमच्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस! जायचं नसेल तर नको जाऊस, पण आमचं नाव कशाला पुढे करतेस? उद्या विमान बघून उसासे टाकशील आणि म्हणशील, मावशीमुळे राहिले. मी तुला धरून ठेवायला वाचवलं का?"

माझ्या मागे मुख्याध्यापिका पिशवी उचलून उभ्या होत्या. त्यांनी ती हळूच खाली ठेवली.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. आठवडाभरात पहिल्यांदाच खरं बोलले. "तो आजार वाचला की ते अर्ज बाजूला टाकतील. बरी झाल्याचा डॉक्टरांचा कागद आहे, पण एक कागद म्हणजे काय?"

मावशीने माझा आकडा वहीत लिहिला. "पुढे व्हा बाई," ती मुख्याध्यापिकांना म्हणाली, आणि मी विमानाकडे गेले.

दुसरी फेरी करून साडेतीनला उतरले तर काउंटरवर वह्यांची चळत होती. नियमाप्रमाणे वजनाची वही तीन महिने ठेवायची, मग रद्दीत. मावशीने माझ्या आजारपणापासूनच्या सगळ्या ठेवल्या होत्या. कपाटात, जुन्या छत्र्यांच्या मागे.

"कशासाठी ठेवल्यास?"

"तुझं दुखणं त्या वहीमुळेच कळलं ना? मग टाकवेना."

मी पानं उलटली. अडुसष्ट, सदुसष्ट, पासष्ट, चौसष्ट. मग लाल शाईत बासष्ट, आणि पुढे तिच्या गोल अक्षरात: उडू द्यायचं नाही. चार महिने माझी ओळच नाही. मग परत: सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. त्यानंतर सहा वर्षं अडुसष्टच्या आसपास, रोज, प्रत्येक पानाखाली मोठ्या कॅप्टनची सही. रजेचे दिवस सोडले तर एकही सकाळ सुटलेली नव्हती. आईनेसुद्धा माझ्याकडे इतकं नेमाने बघितलं नसेल. डोळे भरून आले आणि आकडे दिसेनासे झाले.

"मावशी, तेव्हा मी तुला वाट्टेल ते बोलले. कधी माफी मागितली नाही. आभारही मानले नाहीत."

"लवकर मान," ती म्हणाली. "चार वाजलेत."

मी आभार मानले. नीट, शब्दांत. मग दोघींनी मिळून पानांचे फोटो काढले. चौदाव्या प्रश्नाखाली मी लिहिलं: होय, चार महिने. माझा आजार मला कळला नव्हता. आमच्या काउंटरवरच्या मावशींना कळला. सोबत त्यांच्या वहीची पानं जोडली आहेत. पाचला बारा मिनिटं असताना अर्ज गेला.

मावशी वह्या परत छत्र्यांच्या मागे ठेवत होती. "तिकडे काट्यावर कोण असतं?"

"कुणीच नाही. तिकडे कुणाचंच वजन करत नाहीत. सगळ्यांचं सरासरी धरतात, पायलटचंसुद्धा."

"सरासरी?" तिने चष्मा काढला. "म्हणजे तू सहा किलोने वाळलीस तरी कुणाला पत्ता नाही?"

"नाही."

तिने एक कोरी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि वर माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, जे तिला माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं.

"तिकडे घेतलं तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला इथे यायचं. बूट, बॅग, बाटली सगळं घेऊन."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर रोज," ती म्हणाली. "चल, उभी राहा. दुपारी डबा खाल्लास की नाही ते बघू दे."

मी काट्यावर उभी राहिले.