केवड्याच्या वासाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, गाण्याची. कुणी मला हार्मोनियम म्हणतात, पण उज्जैनच्या मराठी घरांत माझं नाव पेटीच. माझी गोष्ट सांगताना माझ्या आत बसून कुणीतरी ऐकतंय, असं मला वाटत राहतं. तुम्ही मात्र घाबरू नका.

तिथल्याच देवास गेटजवळच्या एका दुकानात माझा जन्म झाला. सागवानी अंग, चामड्याचा भाता, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. प्रभाकर नावाच्या मुलाला त्याच्या मुंजीत मी वडिलांकडून भेट मिळाले. तो मोठा होऊन इंजिनियर झाला आणि मला घेऊन दूर समुद्राकाठच्या अवकाश केंद्रात गेला. रॉकेटच्या टाक्यांत कुठे गळती नाही ना, हे पाहणं प्रभाकररावांचं काम. एकदा उड्डाणाच्या आदल्या दिवशी त्यांना एका झडपेत बारीकशी गळती सापडली. उड्डाण पुढे ढकललं, बरोबरीचे लोक वैतागले. घरी येऊन ते संध्याकाळभर मला वाजवत बसले. किती जड होती त्यांची बोटं त्या दिवशी! पुढे रॉकेट सुखरूप वर गेलं, तेव्हाही ते माझ्याकडेच आले.

माझीही तपासणी व्हायची बरं का! भाता हलवत ते माझ्या सांध्यांजवळून पेटलेली उदबत्ती फिरवायचे. धूर जिथे थरथरला, तिथे गळती. उदबत्ती नेहमी केवड्याची, देवापुढचीच. वर्षानुवर्षं तो धूर मी आत ओढून घेतला. माझ्या लाकडात, चामड्यात केवडा मुरून गेला.

निवृत्तीनंतर ते परत उज्जैनला, नानाखेड्याला राहायला आले आणि शैलाताईंच्या कीर्तनाला साथ करू लागले. कीर्तन ऐकलंय ना तुम्ही? ताई उभ्या राहून कथा सांगतात, मध्येच गातात, मध्येच हसवतात, आणि हसता हसता डोळे कधी भरून आले ते कळतही नाही. त्या गाण्याखाली समईसारखा तेवत राहणारा सूर माझा. एकदा प्रभाकररावांनी फारच वरची पट्टी धरली. ताई भर कीर्तनात थांबल्या.

"अहो प्रभाकरराव, रॉकेट जरा खाली आणा! माझा गळा काळी चारच्या वर जात नाही."

"ताई, वर गेलेलं खाली आणणं फार कठीण असतं," ते म्हणाले. मंदिर हसलं.

श्रावणातल्या एका संध्याकाळी त्यांना माझ्या उजव्या अंगाच्या सांध्यात गळती सापडली. त्यांनी तिथे खडूने छोटा गोल काढला. "उद्या सरस लावून चिकटवतो," एवढं म्हणून ते झोपायला गेले. सकाळी उठलेच नाहीत.

त्यानंतर, मित्रांनो, दिवेलागणीला माझ्या पट्ट्यांवर बोटं उतरू लागली. दाब नाही, वजन नाही. सूर काही उमटायचा नाही. पण ती ओळखीची बोटं होती. त्याच वेळी त्या खडूच्या गोलातून थोडा केवडा बाहेर पडायचा. उदबत्ती कुणी लावलेली नसायची. त्यांची पत्नी विनोदिनीबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आलात?"

त्यांची मुलगी शर्वरी दचकायची. "आई, असं नको ना बोलूस, मुझे सच में डर लगता है. कॉलनीतले लोक म्हणतात, पेटी राम घाटावर नेऊन शिप्रा नदीत सोडा."

"त्यांना म्हणावं, आपल्या घरच्या चीजवस्तू सोडा."

"मग निदान सरस तरी लावू दे. बाबांचंच काम राहिलंय ते."

"त्यांनी काढलेली खूण आहे ती. हात नको लावूस!"

पण वास रोज थोडा थोडा कमी होत होता. ते बाईंच्या ध्यानात आलं, आणि खरी भीती त्यांना तेव्हा वाटली. हा केवडा संपला, की माणूसही संपणार. त्यांनी मला प्रभाकररावांच्या शालीत गुंडाळलं, वरून घट्ट दोरी बांधली. मी अंधारात पडून राहिले. बोटं तिथेही यायची, आणि शालीवरच चाचपडत राहायची.

रामनवमी जवळ आली. शैलाताई घरी आल्या.

"वहिनी, सध्या सुरांच्या मशीनवर गातेय हो. त्या डब्याला दम म्हणून नाही. पेटी द्या. शर्वरी वाजवेल, तिला येतं."

"नाही देणार. वाजवली की उरलासुरला वास उडून जाईल. त्यात हे आहेत, ताई."

शैलाताईंनी शालीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "आहेत ना? मग त्यांना कीर्तनाला का जाऊ देत नाही?"

विनोदिनीबाईंनी हातातला कप खाली ठेवला. चहा निवला. मग त्यांनी आपल्या हातांनी दोरी सोडली.

नवमीला मंदिर भरलं होतं. शर्वरी वाजवायला बसली. बाई माझ्या उजव्या बाजूला बसल्या आणि त्यांनी त्या खडूच्या गोलावर अंगठा दाबून धरला. सगळं आख्यान त्यांनी तसंच ऐकलं. अंगठा पांढरा पडला, पण हलला नाही. मग रामजन्म झाला, गुलाल उडाला, गजर सुरू झाला. सगळं देऊळ टाळ्या वाजवू लागलं.

एका हाताने टाळी वाजत नाही, मित्रांनो. बाईंनी शर्वरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अंगठा उचलला.

माझ्यातला सगळा केवडा त्या गजरात बाहेर पडला. पुढच्या रांगेतले लोक मान वळवून पाहू लागले, एवढी उदबत्ती कुठे लागली म्हणून. शैलाताई डोळे मिटून गात होत्या. बाई रडत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. त्या एका गजरापुरता माझ्या पट्ट्यांवर शर्वरीच्या बोटांहून जास्त भार होता.

आता माझ्यात वास नाही. सांधा सरसाने भरला आहे. दिवेलागणीला कुणी येत नाही.

तुमच्या घरीही एखादं वाद्य कापडाखाली झाकून ठेवलेलं असेल. कुणाची तरी आठवण म्हणून कुणी त्याला हात लावत नसेल. मोठ्यांना विचारा, आणि ते कापड काढा. वाद्य पुसा, वाजवा, बेसूर वाजलं तरी वाजवा. आत कुणी असलंच, तर तेही कधीचं बाहेर यायची वाट पाहतंय.