फळ्याला विचारा

मी एक जुना लाकडी फळा आहे. बजाजनगरातल्या एका शाळेत, मैदानाकडच्या भिंतीला टेकून उभा असतो. मित्रांनो, खरं सांगायचं तर मी आता थकलो आहे. उजवा कोपरा पाण्याने फुगला आहे, काळ्या रंगाचे पोपडे उडाले आहेत आणि दिवसातून चार-पाच वेळा फुटबॉल येऊन छातीवर आदळतो. त्यावर मुली हसतात. मीही आता मनाला लावून घेत नाही.

तरुणपणी मी चौथीच्या वर्गात होतो. माझ्यावर पाढे लिहिले गेले, सुविचार लिहिले गेले, बडबड करणाऱ्या मुलांची नावंही लिहिली गेली. मग वर्गात मोठा टीव्ही आला. त्याच्यावर चित्रं हलतात, गाणी वाजतात. माझ्यावर काय हलणार? मला जिन्याखाली तुटक्या बाकांच्या सोबतीला ठेवलं. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण माझ्यावर कितीदा तरी लिहिली गेली होती. तिचा अर्थ मला जिन्याखाली कळला.

तिथून मला बाहेर काढलं ते करुणा मॅडमनी. त्या मराठी शिकवायच्या आणि मुलींच्या फुटबॉल संघाचंही त्याच बघायच्या. पुस्तक उघडा म्हटलं की या मुलींना तहान लागायची, पोटात दुखायचं. आणि बॉल दिसला की सगळी दुखणी पळून जायची. मग मॅडमनी एक नियम केला. दर शुक्रवारी शनिवारच्या सामन्याचा संघ, वेळ, जागा, सगळं माझ्यावर लिहायचं आणि तोंडाने काही सांगायचं नाही. पालकांच्या मोबाइलवरही पाठवायचं नाही. "मोबाइलवर टाकलं की आई वाचते, पोरगी नाही," असं त्या म्हणायच्या. कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर एकच असायचं. "फळ्याला विचारा."

आणि मुली विचारू लागल्या. सोमवारी मॅडम सामन्याचा वृत्तांत लिहायच्या, तेव्हा तर माझ्यापुढे भांडणं लागायची. "तिच्या किकला 'जोरदार' लिव्हलं अन् माझ्या किकला नुसतं 'चांगली' व्हय?" भांडायचं तर आधी वाचावं लागतं. धड्याच्या तिसऱ्या ओळीला जांभया देणाऱ्या मुली उन्हात उभ्या राहून माझ्या दहा-दहा ओळी वाचायच्या. मुख्याध्यापकांनी मॅडमचं कौतुक केलं. माझं कुणी केलं नाही, पण मला आतून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती आणि मॅडमना नव्हती. संघाची गोलकीपर शिवकन्या हिला वाचता येत नव्हतं. सहावीतली पोर. वडील कंपनीत लागले म्हणून सोयगावहून इकडे आली, आणि त्या धावपळीत तिची शाळा वर्षभर बुडाली ती बुडालीच. स्वतःच्या नावाची अक्षरं तेवढी तिला ओळखू यायची. मैत्रीण प्रेरणा मोठ्याने वाचायची आणि ही तिच्या ओठांकडे बघत, अर्धा शब्द मागे राहून तेच म्हणायची. मॅडमना वाटायचं, दोघी वाचतात. मला सगळं दिसत होतं, पण मला तोंड कुठे आहे? जन्मभर दुसऱ्यांचे शब्द अंगावर वागवले, माझा स्वतःचा एकही नाही. त्याचा मला फार शीण येतो.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर सकाळी आठला ठरला होता. शिवकन्या महिनाभर त्याच्याच गोष्टी करत होती. शुक्रवारी अचानक जागा बदलली. मॅडमनी माझ्यावर लिहिलं, 'उद्याचा सामना इथे नाही, दौलताबादला आहे. सकाळी साडेसहाला फाटकाशी या.' खाली संघ, आणि पहिलंच नाव शिवकन्याचं. त्या दिवशी प्रेरणा तापाने घरी होती. शिवकन्या आली, आपलं नाव बघितलं, हसली आणि पळाली. वरच्या ओळी दुसऱ्या कुणाला विचारल्या असत्या तर बिंग फुटलं असतं.

शनिवारी आठला ती हातमोजे घालूनच आली. मैदान रिकामं. शाळेचे शिपाई कडुबामामा तेवढे झाडत होते.

"अगं, तू इथं कशी?" मामा म्हणाले. "गाडी तर कवाच गेली. लई येळ थांबली तुझ्यासाठी. मॅडमनी तुझ्या पप्पाला किती फोन लावले."

"पप्पा फर्स्ट शिफ्टला हायेत. फोन गेटवर जमा करतेत." तिचा आवाज बारीक झाला. "मला कुणी सांगितलंच नाय, मामा."

"फळ्यावर लिव्हलंय की."

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग हातमोज्याने मला वरपासून खालपर्यंत पुसून काढलं, स्वतःच्या नावासकट. मामा खराटा धरून बघत होते.

सोमवारी तिने सांगितलं, "मी शुक्रवारी आले तवा फळा पुसलेला व्हता." फळा पुसायचं काम मामांचं. मुख्याध्यापकांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. मामा खाली मान घालून म्हणाले, "चुकलं साहेब." मुलींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. मॅडमनी नेहमीसारखा वृत्तांत लिहिला, पण या वेळी दोनच ओळींचा. 'अंतिम सामना आपण पाच-शून्यने हरलो. गोलमध्ये शिवकन्या नव्हती.'

मला राग आला होता. त्या पोरीचा, आणि माझ्या मुकेपणाचा त्याहून जास्त.

दोन दिवस तिने कसेबसे काढले. बुधवारी सरावाला सगळ्या जमल्या, तेव्हा ती मॅडमपुढे येऊन म्हणाली, "मामांनी नाय पुसलं. म्या पुसलं. मला वाचता येत नाय, मॅडम."

कुणी हसलं नाही. मॅडम तिच्यासमोर खाली बसल्या. "फळ्याला विचारा म्हणत राहिले आणि तुला काही विचारलंच नाही. आधी चूक माझी आहे." मग दोघी मिळून मामांकडे गेल्या. मॅडमनीही हात जोडले. मामा म्हणाले, "जाऊ द्या, पोर हाय."

त्या दोन ओळी मॅडमनी कुणालाच पुसू दिल्या नाहीत. रोज सराव संपला की शिवकन्या माझ्यापुढे बसायची आणि मॅडम तिला त्यातलं एकेक अक्षर शिकवायच्या. बॉल लागून खडू पुसट व्हायचा, मॅडम पुन्हा गिरवायच्या. असे बावीस दिवस गेले. माझी छाती दुखत होती, पण हललो नाही.

तेविसाव्या दिवशी ती उभी राहिली आणि बोट ठेवत वाचू लागली. प्रेरणाने ओठ घट्ट मिटून घेतले होते. हरलो, इथपर्यंत ती अडखळत आली. पुढे वाचलं, "गोलमध्ये... शिवकन्या... नव्हती." ती थांबली. मग तीच ओळ न तोडता पुन्हा वाचली आणि रडू लागली. आयुष्यात तिने स्वतः, न अडखळता वाचलेलं ते पहिलं वाक्य होतं.

मित्रांनो, मला नवा रंग दिला नाहीत तरी चालेल. मी आता किती दिवसांचा सोबती? पण तुमच्या वर्गातलं एखादं मूल फळ्यापुढून फार लवकर निघून जात असेल, तर त्याला हाक मारा. मला ती मारता येत नाही.