पुढचा शब्द

वर्गाच्या प्रमिलाबाईंनी पाण्याची बादली काजलपुढे ठेवली. डी.एड.च्या सराव पाठासाठी आलेल्या दिपालीने ती उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली.

"काजल आज वर्गातच बसेल, बाई."

"पाठ बिघडला तं मले बोलू नको, पोरी."

डी.एड. कॉलेजचे सर पाठ पाहायला आले, की अडखळत वाचणारी पोरं झाडांना पाणी घालायला जायची. अल्लीपूरकडच्या त्या शाळेत कडुनिंब म्हणूनच हिरवेगार होते.

कॉलेजचे बंडूजी सर मागे खुर्ची टाकून बसले. दिपालीने काजलला उभं केलं. जात्यात मूठमूठ दाणे सोडावेत तसे पोर एकेक शब्द सोडू लागली. आठवडाभर दिपाली तिला रोज एक शाबासकी द्यायची आणि सुधारायला एकच गोष्ट सांगायची. काल म्हणाली होती, "आवाज गोड आहे तुझा. आता फक्त बोट ओळीवर ठेव." आज बोट ओळीवर होतं.

चौथ्या ओळीत काजल थांबली. ओठ नुसतेच हलले. मागे बंडूजी सरांचं पेन बाकावर टकटकलं.

"पाखरांनी," दिपाली घाईने म्हणाली. "बस आता, बेटा."

तास संपला. बंडूजी सर पोरांसमोरच उभे राहिले.

"हा काय पाठ होता का? असल्या पोरीले काऊन उभं केलं? सगळं चुकलं तुमचं!"

दिपालीचे कान तापले.

"सगळं म्हणजे काय, सर? पोरांनाही मी असं सांगत नाही. एक तरी गोष्ट नेमकी सांगा."

"आता तुम्ही मले शिकवान?"

त्यांनी गुण मांडले, पेनाचं टोपण लावलं आणि ते निघून गेले.

सुट्टीत वर्ग रिकामा झाला. दिपाली फळा पुसू लागली, इतक्या जोरात की खडूची भुकटी तिच्या केसांवर उतरली. दारात काजल बादली घेऊन उभी होती.

"बाई, सरले तुम्ही बोलल्या ना, बढिया वाटलं."

"हं."

"आता एक सांगू?"

डस्टर थांबलं.

"उद्या मले शब्द सांगू नका. येतच होता तो. तोंडात आलता माह्या."

दिपालीने काजलच्या हातातली बादली खाली ठेवली, पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं आणि स्वतः समोरच्या बाकावर जाऊन बसली.

काजलचं बोट चौथ्या ओळीवर आलं. थांबलं.

दिपालीने ओठ घट्ट मिटून घेतले.