वाकड्या खिडकीची सरळ पट्टी

मी पट्टी बोलतेय. मास्तरांच्या हातातली नव्हे आणि जखमेवरची तर नव्हेच नव्हे. उतरत्या छपराला एक खिडकी असते बघा, झोपल्या झोपल्या आभाळ दिसतं ती. तिच्या चारी बाजूंनी आतून लाकडाच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यातली सगळ्यात वरची, माथ्याची, ती मी. तुम्ही माझ्यासारखीकडे कधी बघितलं नसेल. बघायचं कारणही नाही. माणसाची नजर थेट आभाळात जावी, वाटेत काही टोचू नये, एवढंच आमचं काम.

पण माझ्याकडे कुणीतरी नीट बघायला हवं होतं हो. बघितलं असतं, तर एका भल्या बाईचे एवढे हाल झाले नसते.

मी काही भारीतली नाही. हलकं, पांढरट, मधूनमधून गाठी असलेलं लाकूड माझं. वखारीत एका लांबलचक फळीत सुखाने पडून होते. तिथून मला उचललं झाकणकाकांनी. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या घरातही कुणी घेत नसेल. भिंत वाकडी झाली, दाराला फट राहिली, फरशी कोपऱ्यात कमी पडली, की लोक त्यांना बोलवायचे. काका यायचे, एक डोळा मिटून बघायचे, "होऊन जाईल" म्हणायचे आणि एक पट्टी अशी ठोकायचे की चूक गडप! लोकांनी नाव पाडलं झाकणकाका. ते चिडायचे नाहीत. उलट म्हणायचे, "झाकायलासुद्धा अक्कल लागते. उघडं काय, कुणीही करतो."

ही खिडकी बसवली होती त्यांच्या पुतण्याने. एकट्याने, सुट्ट्या खर्च करून. हौस दांडगी, हातही बरा, पण धीर म्हणाल तर नावाला नाही. काका शिडीवर चढले, खिडकीला काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि हसत सुटले.

"अरे, ही खिडकी पिऊन बसलीय का? एक खांदा वर, एक खाली!"

"काका, हळू बोला ना. खाली ऐकू जाईल."

काकांनी तावदान उघडून डोकं बाहेर काढलं. परत आत आले तेव्हा हसत नव्हते. खिडकीच्या माथ्याला एक वाकवलेला पत्रा असतो. तो वरच्या कौलांच्या खाली सरकवायचा, म्हणजे कौलांवरून आलेलं पाणी पत्र्यावरून पुढे निघून जातं. पुतण्याने तो कौलांच्या वरूनच चिकटवला होता.

"हा पत्रा वरून का लावलास?"

"कौलं उचकटत कोण बसणार? डबाभर चिकटवण ओतलंय काका. हत्ती आला तरी हलणार नाही."

"हत्ती यायचा नाही रे. पाणी येईल. हे सगळं काढून परत बसवायला पाहिजे."

"काढून?" पुतण्याचा चेहरा पडला. "उद्या सगळे बघायला येणार आहेत. हिची मावशी याच खोलीत राहायला येतेय. माझी लाज राखा काका. पुढच्या सुट्टीत करतो ना नीट."

काकांनी तावदान लावून घेतलं. लहानपणी याच पोराला त्यांनी खांद्यावर बसवून फिरवलं होतं. मी खाली कपच्यांमध्ये पडून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, काका, नाही म्हणा. ते म्हणाले, "होऊन जाईल."

मग त्यांनी मला रंध्याखाली घेतलं. एका टोकाला चार बोटं रुंद, दुसऱ्या टोकाला जेमतेम अडीच. खिडकीचा जो खांदा खाली होता, तिकडे माझं रुंद टोक, जो वर होता तिकडे अरुंद. मागची कड वाकडी, पण खोलीतून दिसणारी कड अशी सरळ की बघत राहावं! सांध्यांत लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरली, पांढरा रंग दिला, आणि खिडकी एकदम शहाण्यासारखी दिसू लागली. माझा जन्म म्हणायचा तर तो हाच. जन्मल्या जन्मल्या दुसऱ्याच्या चुकीवर पांघरूण घालायला शिकले, आणि लाज वाटते सांगायला, मला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. प्रत्येकजण मान वर करून "वा!" म्हणाला. पुतण्या सांगत होता, "स्वतः बसवली. एक माणूस लावला नाही." काका मागे उभे राहून चहा पीत होते. माझ्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

मावशी आली ती दोन पिशव्या, एक काठी आणि एक विजेची किटली घेऊन. पुतण्याच्या बायकोला, म्हणजे आपल्या भाचीला, तिनेच लहानाची मोठी केली होती. भाचीची आई लवकर गेली, तेव्हा मावशीने स्वतःचं सगळं बाजूला ठेवून तिला पदरात घेतलं. आता गुडघे बोलायला लागले, छाती कफाने भरायला लागली, म्हणून भाचीने हट्टाने आणलं होतं. "माझ्या घरी नाही तर कुठे राहणार गं तू?"

मावशी म्हणजे बोलकी बाई. माणूस नसलं तर वस्तूंशी बोलायची. सकाळी किटलीची वाफ घ्यायची, दोरीवर आपले चार कपडे वाळत घालायची आणि पलंगावर आडवी पडून वर बघायची. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "किती सरळ आहेस गं बाई! नाहीतर आमच्या पाठीचा कणा बघ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग पावसाचे दिवस आले. कौलांवरचं पाणी पत्र्याखाली शिरलं आणि माझ्या पाठीवर येऊन बसलं. तिथून ते खिडकीच्या पडलेल्या खांद्याकडे घरंगळलं, आतल्या फळ्यांमागे उतरलं आणि थेट मावशीच्या उशाच्या भिंतीतून बाहेर डोकावलं. खिडकीपासून चांगलं लांब. माझ्या पुढच्या अंगावर मात्र टिपूस नाही. रंग तसाच पांढराशुभ्र. खिडकीवर कुणाचा संशय जाणार?

भिंतीवर आधी ताटलीएवढा डाग पडला. मग त्याला काळे ठिपके आले. पुतण्या आला, भिंतीला हात लावून वास घेतला, मग खोलीभर नजर फिरवली. खिडकीकडे बघून झालं, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. पण मी इतकी देखणी दिसत होते की त्याची नजर माझ्यावरून घसरून किटलीवर गेली.

"मावशी, ही वाफेची ओल आहे," तो म्हणाला. आवाज मऊ होता, रागावला नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं; पत्र्याची गोष्ट तो केव्हाच विसरला होता. "बंद खोलीत रोज वाफ, वर ओले कपडे. भिंत पिते ते सगळं."

"अगं बाई! माझ्यामुळे?" मावशीने जिभेचा शेंडा चावला. "नवीकोरी भिंत घालवली की हो मी तुमची!"

"असू दे हो," भाची म्हणाली. "मुद्दाम केलंय का तिने?"

बघा, तिची बाजू घेणारीसुद्धा चूक तिचीच धरून बोलत होती.

त्या दिवसापासून किटली पलंगाखाली गेली. कपडे खाली न्हाणीघरात वाळू लागले, म्हणजे वाळेनातच. थंडीतही मावशी खिडकी किलकिली ठेवायची आणि शाल गुंडाळून कुडकुडत बसायची. वाफ बंद झाली तसा खोकला वाढला. खोकला आला की तोंडावर उशी धरायची, खाली ऐकू जाऊ नये म्हणून. आणि पाऊस पडून गेला की कोरडा रुमाल घेऊन भिंत पुसत बसायची. पुसता पुसता बोलायची, "काय तरी बाई मी! जिथे जाईन तिथे ओल."

नाही हो मावशी, नाही! मी ओरडत होते. पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

मला एकच गोष्ट येत होती, फुगायची. पाठीवरचं पाणी मी पोटात घेतलं, जितकं मावेल तितकं. खिळे गंजले होतेच. हळूहळू मी मधोमध वाकले, भिंतीपासून सुटले, बोट जाईल एवढी फट पडली. म्हटलं, आता तरी दिसेल! आता कुणीतरी आत बघेल!

पहिल्यांदा पाहिलं ते मावशीनेच. ती काठी घेऊन उठली. "झालं! आता तीही फुगली माझ्या वाफेने!" तिने काठीच्या टोकाला रुमाल गुंडाळला, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून, आणि मला खालून दाबून जागेवर बसवलं. मग रोजचंच झालं. मी रात्रभर जोर लावून सुटायचे, ती सकाळी उठून मला दाबायची. "राहा गं जागेवर," म्हणायची, "माझी शोभा करू नकोस." तिच्यासाठीच मी सुटत होते, आणि तिनेच मला परत लावावं! असलं दुःख वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

शेवटी एकदा जेवायच्या वेळेला तिने सांगून टाकलं. खालच्या खोलीतलं बोलणं जिन्यातून वर येतं.

"मी आता धाकट्या बहिणीकडे जाते. खोली जरा सुकेल तुमची."

"काहीतरीच काय मावशी!" भाचीचा आवाज चिरकला. "तिकडे तुला कोण बघणार? तिलाच धड उठता येत नाही."

"आम्ही दोघी मिळून एक होऊ. तुझं घर माझ्यामुळे कुजतंय, ते मला बघवत नाही गं."

पुतण्या म्हणाला, "निदान जाण्याआधी ती वरची पट्टी ठोकून घेतो. काकांना बोलावतो."

काका आले. मावशीच्या दोन्ही पिशव्या भरून दाराशी ठेवलेल्या. काठी हातात, ती पलंगाच्या कडेवर बसलेली. काका शिडीवर चढले आणि त्यांनी मला जरासं पुढे ओढलं. माझ्या पाठीवरचं पाणी त्यांच्या बाहीत शिरलं, कोपरापर्यंत. ते थिजले. भिंतीवरच्या डागाकडे पाहिलं, माझ्या रुंद टोकाकडे पाहिलं. सगळा हिशेब त्यांना एका नजरेत लागला. त्यांनीच तर मला कापलं होतं.

आणि तरीही काकांनी खिशातून लांब स्क्रू काढला. सवय हो, दुसरं काय! माझ्या छातीला टोक लावलं आणि पिळायला सुरुवात केली.

खालून मावशी म्हणाली, "जपून हो. पट्टीचा काय दोष? तुम्हालाही माझ्यापायी या वयात चढावं लागलं. मनात राग धरू नका."

स्क्रू थांबला. काकांनी खाली मावशीकडे पाहिलं, दाराशी भरून ठेवलेल्या पिशव्यांकडे पाहिलं. मग त्यांनी स्क्रू उलटा फिरवला, दोन्ही हातांनी मला धरलं आणि कडाकड उपटून काढलं. इतक्या महिन्यांचं काळं पाणी, कुजका भुसा, गंजाचं लाल सगळं पलंगावर पडलं.

"वर ये रे!" ते ओरडले. "आत्ताच्या आत्ता वर ये!"

पुतण्या धावत आला, मागोमाग भाची. काकांनी त्याला शिडीच्या दुसऱ्या बाजूने वर चढवलं, त्याचं मनगट धरलं आणि हात माझ्या रिकाम्या जागेत घातला. हात बाहेर आला तो निथळत.

"वाफ आहे का ही?" काका म्हणाले. मग ते खाली उतरले आणि मावशीसमोर उभे राहिले. "ही ओल तुमची नाही मावशी. पत्रा याने चुकवला. मी तो पहिल्या दिवशी पाहिला आणि झाकला. ओल आम्हा दोघांची आहे."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग भाचीकडे. "म्हणजे... मी नव्हे?"

"नाही गं मावशी."

"कपड्यांनीपण नाही?"

"नाही."

"मी नव्हेच?" असं म्हणून ती एकदम रडायलाच लागली, आणि रडता रडता खोकायला. भाची तिच्या पाठीवरून हात फिरवत स्वतःच रडत होती. बऱ्याच वेळाने मावशीने नाक पुसलं आणि म्हणाली, "मग आता कुणी माझी किटली लावतंय का? छाती भरलीय मेली."

पुतण्याने पलंगाखालून किटली काढली आणि खाली पाणी भरायला गेला. त्याला पाणी भरायला फार वेळ लागला.

पुढे कौलं उचकटली, पत्रा कौलांखाली सरकवला, खिडकी सरळ बसवली. काकांनी मला पुसून, सुकवून परत लावून पाहिलं. एका टोकाला केवढी तरी फट! मी वाकड्यासाठी कापलेली. सरळ खिडकीला माझा काय उपयोग? काका मला टाकायला निघाले, तर मावशीच म्हणाली, "राहू द्या. ओळखीची आहे माझ्या." तिने मला दोन दोरांनी आडवं टांगून घेतलं, कपडे वाळत घालायला. आता तिचे ओले कपडे माझ्या अंगावर सगळ्यांदेखत निथळतात, आणि कुणी काही म्हणत नाही.

पण माझं मन काही सुकत नाही. तिचा खोकला पुरता गेला नाही, छातीत घर करून बसला तो बसलाच. आणि अजून, पाऊस पडून गेला की मावशी कोरडा रुमाल घेऊन उठते आणि उशाची भिंत पुसते. भिंत ठणठणीत कोरडी असते. तरी पुसते.

तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे माझं. मला वाचा नाही, तुम्हाला आहे. कधी त्या खोलीत गेलात आणि ती रुमाल घेऊन उठली, तर तिचा हात धरा आणि म्हणा, "मावशी, बसा. तुमची चूक नव्हतीच." तुम्ही नुसतं म्हणा. सांगतेय मी, असं समजा.