माझा मुका ग

मी एक जुना कीबोर्ड आहे, मित्रांनो. घरात मला पियानो म्हणतात. मीही ते ऐकून घेतो. मोठेपणा कुणाला नको असतो?

कारखान्यातून मी मोठ्या ऐटीत निघालो खरा, पण उमेदीची वर्षं एका दुरुस्तीच्या दुकानात, दोन बिघडलेल्या मिक्सरांच्या मधे धूळ खात गेली. तिथून एका सूनबाईने मला घेतलं. दुकानदार म्हणाला, "मधल्या सप्तकातला ग मुका आहे, म्हणून स्वस्तात देतो. पण उघडू नका हं! उघडलात तर उरलेलंही जाईल." त्याला नुसती वस्तू परत येण्याची कटकट नको होती. सूनबाईने मात्र ते मनावर घेतलं.

नवं घर दोन खोल्यांचं. कपाट आणि भिंत यांच्या फटीत मला उभं केलं. समोरच्या पलंगावर सासरे होते, पाय मोडल्यापासून पडून. नवरा दिवसभर कामावर. सासऱ्यांना एकटं सोडायचं नाही, म्हणून सूनबाई कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जातच नसे. मी फटीत अडकलेला, ती घरात.

शिकवणी परवडत नव्हती, आणि परवडली असती तरी ती जाणार कशी? दुपारी मला इस्त्रीच्या टेबलावर मांडून ती मोबाइलवरचे धडे गिरवायची. मुका ग आला की बोट उचलायची आणि तेवढा सूर तोंडाने गायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अगं, पुरे कर ती टिंगटिंग!" सासरे ओरडायचे.

दोन वर्षांनी कळलं, जवळच्या बालवाडीत पियानो वाजवायला बाई हवी आहे. रोज सकाळी चार तास. घराबाहेर चार तास! शेजारणीला सासऱ्यांपाशी बसवून ती वाजवून दाखवायला गेली आणि पडल्या चेहऱ्याने परत आली.

"काय झालं गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"तिथल्या सगळ्या पट्ट्या बोलत होत्या, बाबा. पण ग आला की माझं बोट आपलं वर, आणि मी गातेय! पोरं खो खो हसली. मोठ्या बाई म्हणाल्या, ही खोड मोडा आणि आठ दिवसांनी या."

मित्रांनो, तिचा गुरू म्हणजे मीच. माझंच व्यंग मी तिच्या बोटांत घातलं होतं.

तिने रागारागाने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मला उघडलं. आतल्या रबराखाली धूळ साचली होती, बस्स. फडक्याने पुसली आणि माझा ग बोलला! एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं मुका. मला हात नाहीत, नाहीतर जोडून सांगितलं असतं: गप्प झालेली वस्तू एकदा तरी उघडून पाहा, पुसून पाहा.

पण तिचं बोट काही खाली येईना. मग सासरेच मास्तर झाले. ग जवळ आला की पलंगावरून हाळी यायची, "बोट!" ती दचकायची आणि आणखी चुकायची. सहा दिवस असेच गेले. सातव्या दिवशी बोट बरोबर खाली आलं आणि तोंड मिटलेलं राहिलं. तिने सगळं गाणं तीनदा वाजवलं.

"जमलं की," सासरे म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून, "जा तू उद्या. पाणी तेवढं हाताशी ठेव. चार तासांचं माझं मी बघेन."

तिने माझ्या पट्ट्यांवर डोकं टेकलं, आणि मी मेला नको तेव्हा मोठ्याने वाजलो.