दीड इंचाने खोटी

मित्रांनो, मी शिसवी लाकडाची एक जुनी मोजकाठी आहे. कापड मोजायची नव्हे, कुत्र्यांची उंची मोजायची. आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी दीड इंचाने खोटी आहे. जन्मले मात्र तशी नव्हते.

मला घडवलं राजाजीनगरच्या प्रतापरावांनी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. घरात मराठी, दारात कन्नड. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. मुधोळ जातीची कुत्री हा त्यांचा जीव की प्राण. लांब पायांची, बारीक कमरेची, पळायला लागली की नजरेत न मावणारी ही शिकारी कुत्री. प्रतापरावांनी माझ्या अंगावर एकेक इंच स्वतः कोरला, पायाला पितळी टोपण बसवलं, वर सरकती आडवी दांडी लावली आणि सत्तावीस इंचांवर एक खिळा ठोकला. नर त्या खिळ्याला पोचला तरच त्याची पिल्लं काढायची, हा त्यांचा नियम.

अंगणातल्या फरशीवर कुत्र्याला उभं करून ते मला त्याच्या खांद्याशी टेकवत आणि दांडी हळूच खाली आणत. उंची भरली तरी दात, छाती, पाय, चाल पाहिल्याशिवाय हो म्हणत नसत. लांबून लांबून लोक येत. अण्णांची काठी म्हणजे दगडावरची रेघ, असं म्हणत. मी आतून फुलून जाई.

एकदा हेब्बाळचे येसाजी आपल्या सुलतानला घेऊन आले. तब्येतीने ठणठणीत कुत्रा, पण दांडी खिळ्याखाली अर्धा इंच थांबली.

"अण्णा, स्वल्पच तर कमी आहे," येसाजी म्हणाले.

"अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच. सरी इल्ला, बरोबर नाही. याची पिल्लं काढू नका."

येसाजींनी निमूट मान डोलावली आणि सुलतानची नसबंदी करून घेतली. इतका त्यांचा माझ्यावर विश्वास.

मग फाकडा जन्मला. त्याची आई हरणी, प्रतापरावांची लाडकी. तिला बाहेरचा चांगला नर मिळत होता. पण आपली कुळी शुद्ध राहावी या हट्टापायी त्यांनी तिची जोडी तिच्या सख्ख्या भावाशीच लावली. नात भूमिका जनावरांची डॉक्टर व्हायला शिकते. "अज्जा, इतक्या जवळचं नको," ती म्हणाली होती. अज्जांनी ऐकलं नाही. फाकडा देखणा निघाला, पण साडेपंचवीस इंचांवर अडला तो अडलाच. ठेंगणं असणं हा काही गुन्हा नव्हे, मित्रांनो. पण उंच कुळीत उंची अशी खुंटली की आत काहीतरी बिघडलंय, एवढा निरोप माझ्यासारखीने द्यायचा असतो.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. प्रतापरावांनी मला मांडीवर घेतलं, तेव्हा वाटलं, तेल लावणार. त्यांनी टोपण काढलं आणि माझ्या पायावर करवत चालवली. भुसा फुंकला, टोपण परत बसवलं, आणि माझ्याकडे न पाहता मला खुंटीला टांगलं. कुंपणानेच शेत खाल्लं. आता गाऱ्हाणं कुणाकडे नेऊ?

दुसऱ्या दिवशी चार लोकांसमोर फाकडा बरोबर सत्तावीस भरला. लोक वाहवा करत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फाकड्याची पिल्लं झाली. पहिलं पिल्लू हौसेने येसाजींनी नेलं. सहा महिन्यांनी ते त्याला हातांवर घेऊन परत आले. चार पावलं पळालं की ते कोसळायचं. हृदय जन्मतःच कमजोर आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भूमिकाने फाकड्याला फरशीवर उभं केलं आणि पोलादी टेप लावून पाहिला. साडेपंचवीस.

"काठी जुनी झाली," प्रतापराव म्हणाले. "लाकूडच ते, दगा देणारच."

करवत मी सोसली होती. हे मात्र सोसवलं नाही. तीस वर्षं ज्यांच्या शब्दासाठी उभी राहिले, त्यांनी चार माणसांत मलाच दगाबाज ठरवलं.

भूमिकाने टोपण उपटलं. माझं अंग वयाने काळवंडलेलं, आणि आतला काप कोरा, तांबूस. तिने मला उलटी करून अज्जांपुढे धरलं. प्रतापराव पायरीवर बसले. येसाजी चिडले नाहीत.

"अण्णा, माझ्या सुलतानला तुम्ही अर्ध्या इंचासाठी परत पाठवलंत," एवढंच म्हणाले, आणि पिल्लाला छातीशी धरून घरी घेऊन गेले.

आता फाकड्याची पिल्लं काढत नाहीत. मी टोपणाशिवाय खुंटीवर असते. प्रतापराव रोज समोरून जातात, मान खाली घालून. मला राग येतो, आणि त्यांचा हात आठवला की रडूही येतं.

मित्रांनो, पिल्लू आणायला जाल तेव्हा नुसत्या रूपावर भाळू नका. त्याचे आईबाप पाहा, त्यांचं आपसातलं नातं विचारा, डॉक्टरांचा कागद मागा. आणि एखाद्या मोठ्या नावाच्या माणसाने माझ्यासारखी काठी पुढे केली, तर मान डोलावण्याआधी तिचा पाय तेवढा उलटून बघा.